तक्त्यातली खालची ओळ

बंदुकीच्या दारूचा डबा एल्मा ट्वेटनं कानाशी धरून हलवला. तळाशी थोडे दाणे खुळखुळले. त्यात दोन काडतुसंही धड भरली नसती, आणि एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीचा हंगाम तर तोंडावर आला होता.

त्या वर्षी अख्ख्या मोंटानात दारूचा खडखडाट होता. दुकानांच्या फळ्याच्या फळ्या रिकाम्या होत्या. तयार काडतुसं घ्यावीत, तर ट्वेटांच्या घरची रायफल जुन्या मापाची. तिची काडतुसं दुकानात येणं कधीच बंद झालं होतं. ज्याला ती चालवायची त्यानं झाडलेल्या पितळी पुंगळ्या जपायच्या, त्यांत बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवायची आणि आपलं काडतूस आपणच तयार करायचं. हे काम एल्माचा नवरा रॉल्फ करायचा. पण त्याचे हात थरथरायला लागले, डॉक्टरांनी त्या दुखण्याला नाव दिलं, आणि एके दिवशी तराजूतली दारू त्याच्या हातून टेबलभर सांडली. त्या दिवसापासून तो त्या टेबलाशी बसला नाही. एल्मा बसली. आता डोंगर चढणंही त्याला जमत नव्हतं, तेव्हा शिकारीलाही तीच जाणार होती.

"आपल्या फ्रीजरात या हिवाळ्यातही एल्कच असेल," तिनं जेवताना जाहीर करून टाकलं होतं. शाळेची बस बर्फातून हाकणारी बाई ती; एकदा म्हटलं की म्हटलं.

तिचा दीर कर्टिस दुपारी दार ढकलून आत आला आणि त्यानं टेबलावर एक नवाकोरा डबा आपटला.

"घे! एक तुला, एक मला. कुठून आणला ते विचारू नकोस."

एल्मानं डब्यावरचं नाव वाचलं. "ही आपली दारू नाही."

"आपली नाही, पण आपल्या शेजारची आहे." कर्टिसनं खिशातून घडी घातलेला तक्ता काढून पसरला. बाजारातल्या साऱ्या दारू त्यात एकाखाली एक छापल्या होत्या, सगळ्यात झपाट्यानं जळणारी वर, सगळ्यात सावकाश जळणारी तळाला. "ही बघ आपली. आणि ही बघ, बरोब्बर खालची ओळ. म्हणजे किंचित सावकाश, दाब कमी. म्हणजे उलट जास्त सुरक्षित. जुनंच माप घालायचं, विषय संपला!"

"विषय संपला, की आपण?"

"घाबरट कुठली!"

एल्मानं फळीवरून आपलं काडतुसं भरण्याचं पुस्तक काढलं आणि त्याच्या शेवटी असलेला दुसरा तक्ता उघडून त्याच्यासमोर ठेवला. "यात हीच दारू आपल्या दारूच्या वरच्या ओळीत आहे. आता बोल, सावकाश कोण?"

"छापताना चुकले असतील."

"चुकले नाहीत. प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं जाळून पाहिली. अरे, हा शर्यतीचा निकाल आहे. पहिला कोण, दुसरा कोण, एवढंच कळतं. दोघांमध्ये केसभर अंतर होतं की मैलभर, हे कुठे लिहिलंय? आणि मैदान बदललं की नंबरही बदलतात. आपल्या पुंगळीत, आपल्या गोळीमागे ही दारू किती दाब देईल, ते या कागदाला काय माहीत?"

"मास्तरीणबाई सुरू झाल्या," कर्टिस भावाकडे वळला. "रॉल्फ, तूच सांग हिला."

खिडकीजवळच्या खुर्चीत रॉल्फ हात मांड्यांखाली दाबून बसला होता. "कर्टिस म्हणतो त्यात काही वावगं नाही," तो म्हणाला. "मीसुद्धा एकदा असंच भरलं होतं."

"भरलंस, आणि वाचलास," एल्मा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं. रॉल्फचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्या टेबलाशी त्याचा शब्द अखेरचा होता, तिथे आज बायकोनं त्याला गप्प केलं होतं. तो जेवायलाही मुकाट्यानं बसला, मुकाट्यानं उठला. एल्माला वाटलं, जाऊन माफी मागावी. पण माफी मागायची म्हणजे जुनं माप घालायचं, असा अर्थ झाला असता. ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यावर छापलेल्या कंपनीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एक शांत आवाजाचा माणूस बोलू लागला. तिनं रायफलचं माप सांगितलं, गोळीचं वजन सांगितलं.

"त्या वजनाच्या गोळीवर आम्ही ही दारू तपासलेली नाही, बाई. हलक्या गोळीवर तपासली आहे. तो कागद पाठवतो."

"मग माझ्या गोळीसाठी अंदाजानं काही…"

"अंदाज मी देत नाही."

एल्माला राग यायच्या ऐवजी बरंच वाटलं. जगात आपल्यासारखं आणखी कोणीतरी आहे म्हणायचं.

आता हलक्या गोळ्या शोधणं आलं. तिनं दुकानामागून दुकान पालथं घातलं. अखेर घाटापलीकडच्या एका गावात, खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे धूळ खात पडलेली एक पेटी निघाली. रस्ता बर्फानं गुळगुळीत झालेला. ती गेली, घेऊन आली. मग टेबलावरचे सगळे डबे उचलून ठेवले, फक्त नवा तेवढा ठेवला, तराजू तपासला आणि कागदावरच्या सगळ्यात कमी मापापासून भरायला सुरुवात केली. प्रत्येक माप वेगळं, त्याची चिठ्ठी वेगळी. रॉल्फ दारात येऊन उभा राहिला, बघत होता. शेवटची चिठ्ठी लागेपर्यंत तो तिथून हलला नाही.

हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी तिघं चांदमारीच्या मैदानावर गेले. रॉल्फ गाडीतच बसला. एल्मानं सगळ्यात कमी मापाचं काडतूस झाडलं. दस्ता खांद्याला हलकेच टेकला. तिनं पुंगळी काढून उजेडात फिरवून पाहिली, मग पुढचं भरलं.

"शिंकलीस काय ग?" पलीकडच्या बाकावरून कर्टिस हसला. "आता ऐक!"

त्याची रायफल निराळी होती, पण दारू तीच नवी, आणि तिचं त्यानं आपलं जुनंच माप घातलं होतं. आवाज असा फुटला की मैदानापलीकडचे कावळे उडाले. कर्टिसनं पुंगळी बाहेर काढायला रायफलची मागची खीळ, बोल्ट, वर ओढला. हलेना. त्यानं लाकडी ठोकळ्यानं ठोकून ठोकून तो उघडला. पुंगळी बाहेर पडली ती एल्मानं उचलली. मागची टोपी चपटी होऊन कडेपर्यंत पसरली होती आणि तिच्याभोवती काजळीचं कडं उमटलं होतं; दाब भलताच वाढल्याची खूण.

"पहिल्या बाराला असं होतं कधी कधी," म्हणत कर्टिसनं पेटीत हात घातला.

एल्मानं पेटीवर तळहात ठेवला. "पुरे."

"हात काढ."

"नाही काढत."

"एल्मा, ही माझी काडतुसं आहेत!"

"आणि दाबानं उडाला तर तो बोल्ट तुझ्या डोळ्यासमोर असतो. नाही काढत."

कर्टिस लालबुंद झाला. तिच्या हाताला धरून ओढावं की काय, अशा बेतात तो होता. तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. रॉल्फ दाराला धरून उतरला, गोठलेल्या गवतावरून एकेक पाऊल टाकत आला आणि त्यानं एल्माच्या हातातली पुंगळी मागितली. त्याच्या बोटांत ती इतकी थरथरत होती की टोपी नीट दिसेना. एल्मानं त्याचं मनगट धरलं. तेव्हा त्यानं पाहिलं.

"पेटी तिला दे, कर्टिस," तो म्हणाला. "मी वाचलो होतो, ते माझं शहाणपण नव्हतं."

कर्टिसनं पेटी तिच्याकडे सरकवली. मग एल्मानं आपलं उरलेलं काम पुढे नेलं. एकेक पायरी वर, प्रत्येक पुंगळी तपासून. कंपनीच्या कागदातलं सगळ्यात मोठं माप गाठायच्या आधीच एका मापावर निशाणावरची छिद्रं एकमेकांना चिकटून पडू लागली. तिथे ती थांबली.

घरी आल्यावर त्यांनी कर्टिसची सगळी काडतुसं एकेक करून पोकळ हातोडीत अडकवून आपटली आणि गोळ्या बाहेर काढल्या. त्यातली दारू एल्मानं आवारातल्या उघड्या जमिनीवर पातळ पसरून टाकली. "रायफल बंदूकवाल्याला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही," तिनं बजावलं. कर्टिसचा हंगामाचा पहिला दिवस त्यात गेला. बंदूकवाला सवडीनं बघणार होता, म्हणून दुसराही गेला. एल्माचा पहिला दिवसही निवडलेल्या मापाची काडतुसं भरण्यात संपला, पण त्याची तिला खंत नव्हती.

पुढल्या आठवड्यात, सकाळचं धुकं विरत असताना, कड्याखालच्या उतारावर तिला एक मादी एल्क एकटी चरताना दिसली. एकच बार लागला. मांस खाली आणायला कर्टिस आला, मागची तंगडी खांद्यावर घेऊन धापा टाकत उतरला, आणि वाटेत एकदाही त्यानं तिची टर उडवली नाही. स्वयंपाकघरात रॉल्फनं कांद्यावर परतलेली कलेजी दुसऱ्यांदा मागून घेतली. "मीठ कमी आहे," असं म्हणण्याइतका तो पुन्हा तिच्याशी बोलू लागला होता.

रविवारी कर्टिस दारात उभा होता. बगलेत त्या नव्या दारूचा त्याचा डबा.

"बोल्ट बदलायला लागला," तो म्हणाला. "आता माझ्या मापाचा कागद तेवढा मागवून दे ना. तुझी ओळख झालीय त्या माणसाशी."

एल्मानं पावाचं पीठ मळता मळता मानेनंच डब्याकडे खूण केली.

"नंबर डब्यावर आहे. गोळीचं वजन आधी पाहून ठेव, तो पहिलं तेच विचारतो."

कर्टिस थोडा वेळ घुटमळला. मग खुर्ची ओढून फोनजवळ बसला.