मागची रांग आधी

तिनं ओला स्पंज फिरवला आणि राखाडी दगडात हिरवा ठिपका उजळला — वाटाण्याएवढा गोटा, करवतीनं मधोमध कापलेला, गुळगुळीत. सपाटीवर खोल भोक पाडून काढलेले दगडाचे दांडे लांबट पेट्यांत ओळीनं मांडलेले होते. गोदामाला थंड लोखंडाचा वास होता. असला हिरवा लाव्हा या मुलखात एकाच ठिकाणी आहे, सगळ्यात मागच्या डोंगररांगेत. आणि तो इथे सापडला होता, इतक्या खाली, पुढच्या रांगेच्या चुनखडीचा कणही नसलेल्या थरात. म्हणजे मागची रांग आधी उठली. तिला स्वतःविषयी हजार शंका असत — आवाज फार चढतो का, लेकाकडे लक्ष कमी पडतं का — याविषयी एकही नव्हती.

बाबांनी आयुष्यभर उलट सांगितलं होतं: आधी पुढची रांग, मग मागची. ते हातोडी घेऊन डोंगर चढत शिकलेले. त्यांच्या नकाशावर दोन पिढ्या शिकल्या, तीही शिकली. तिनं अभ्यासाला सपाटीवरचा गाळ निवडला तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले होते, "डोंगर सोडून चिखलात काय बघणार?" आई हसली होती, आणि ती गप्प बसली होती... आता गप्प बसली नसती. डोंगर एकमेकांवर सरकत वाढतात, त्यांच्या भारानं पुढची जमीन वाकते, खळगा पडतो, आणि डोंगराची झीज त्याच खळग्यात थरावर थर साचत जाते. डोंगर आपलं जुनं शिखर घालवून बसतो, खळग्यात ते तुकड्यातुकड्यानं का होईना, शिल्लक राहतं. हे बघणार, बाबा. हेच.

नकाशाची नवी आवृत्ती लवकरच छपाईला जायची होती. म्हणून तिनं आज त्यांना बोलावलं होतं.

ते आले. काठी पेटीला टेकवली, भिंग काढलं, वाकून गोट्याला जीभ लावली — जुने भूगर्भवाले लावतात तशी — आणि ती सावध झाली. बाबांचं भांडण तिला पाठ होतं. विद्यार्थी रडकुंडीला येईपर्यंत ते प्रश्न विचारत. सोबतच्या प्राध्यापकांना भर उन्हात कड्यावर उभं करून त्यांनी वाद घातलेले होते. आठवडाभर ती भाजी चिरताना, सिग्नलला थांबताना, मनातल्या बाबांना उत्तरं देत होती.

"चुनखडी कुठून सुरू होते?"

"बरीच वर. त्या पलीकडच्या पेटीत."

"आणि थर डोंगराच्या बाजूला जाड होत जातात?"

"जवळजवळ दुप्पट. म्हणजे डोंगराचा भार तेव्हाच पडत होता."

त्यांनी भिंग मिटलं. "बरोबर आहे तुझं. नकाशा बदलायला सांगतो." मग म्हणाले, "चहा मिळतो का गं इथे?"

पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं तिला. जिंकलो होतो ना आपण? मग हे काय... हे पटलं म्हणून, की मी म्हणते म्हणून? मी इथे लेक म्हणून उभी नाही, बाबा.

"थोडं भांडा ना माझ्याशी," चहाचा पेला त्यांच्या हातात देत ती म्हणाली.

"कशाला? दिसतंय की मला."

"दुसऱ्या कुणी दाखवलं असतं तर?"

"तर भांडलो असतो." त्यांनी चहावर फुंकर घातली. "तुझ्याशी भांडून जेवायला कुठं जाऊ?"

ती हसली. तेही हसले. विनोदच होता तो. पण त्यात उत्तर होतं की नव्हतं, हे तिला कळेना.

त्यांना गाडीत बसवून ती परत आली आणि ते उभे होते तिथेच उभी राहिली, त्यांच्यासारखी वाकून. इतका गोल कसा हा गोटा? मागच्या रांगेतून थेट आला असता तर इतका झिजला असता? की आधी कुठल्या जुन्या थरात पडून होता, आणि तिथून सुटून पुन्हा वाहत आला — दुसऱ्यांदा? तसं असेल तर मागची रांग तेव्हा उठलेली असायची गरजच नव्हती... आठवडाभराच्या भांडणात मनातल्या बाबांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. खऱ्या बाबांना सुचलं नसेल? की सुचलं, आणि चहाबरोबर गिळलं?

आता आपण घाबरणार असं तिला वाटलं, आणि ती वाट पाहत राहिली. भीती आली नाही. थरांची जाडी खरी होती. तिचं म्हणणं बहुधा बरोबरच होतं. बहुधा — हा शब्द या कामात आज पहिल्यांदा आला होता, आणि तो आला तरी तिचे पाय जमिनीवर घट्ट होते. बाबांना फोन करायचा की नाही हे ठरेना. ठरायची घाईही नव्हती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. नुसतं जाणून घ्यायचं होतं, आणि ती भूक इतकी जुनी, इतकी आपली वाटली की ती तशीच वाकलेली राहिली, पाठ दुखायला लागली तरी.