वळणाआडचा खडक

फुलाबाईने वल्हं काठाच्या चिखलात रोवलं आणि होडी पुन्हा पाण्यात ढकलली.

"इथे नको मावशी," आनंदराव म्हणाले होते. "इथे माणसं दिसतात."

दिसत होती ती एकटी अक्काबाई, गोधडी आपटणारी. पण पुण्याहून कापूरहोळ, कापूरहोळहून भोर, भोरहून पुढची एसटी आणि वर बैलगाडी, एवढं करून माणूस एकांत शोधायला आला असेल, तर अक्काबाईसुद्धा गर्दीच म्हणायची.

भाटघरच्या धरणाचा फुगवटा पौषात काठोकाठ होता. होडीत तंबूचं बोचकं, पातेली, कंदील आणि आनंदरावांची स्वतःची घडीची कापडी होडी. पहाटे शांत पाण्यात ती वल्हवायची, हा त्यांचा वर्षाचा आनंद. वर्षभर कचेरीत बसायचं आणि सुट्टी काढून वल्हं मारायचं! काल निरोप आला तेव्हा फुलाबाईने हे घरी सांगितलं. कार्तिकात पाठ धरल्यापासून आडवा पडलेला तिचा नवरा कोंडिबा कण्हताकण्हता हसला होता. "मंग आपलीच होडी दे की त्यास्नी. पोटभर मारू दे."

आनंदरावांची बायको मांडीवर स्टोव्ह धरून होडीच्या तळाशी बसली होती. सकाळी चढताना तिने फुलाबाईचं नाव विचारलं होतं. त्यानंतर दिवसभर ती बोलली नव्हती.

दुसरी जागा आनंदरावांना बघताक्षणी आवडली. करंजाची सावली, सपाट माळ, पाखराचासुद्धा आवाज नाही. त्यांनी बोचकं उतरवून गाठ सोडायलाही घेतली.

"इथे कुणी येत नाही ना?"

"येत्यात की," फुलाबाई म्हणाली. "पन चौघांच्या खांद्यावर."

आनंदरावांनी गाठ परत बांधली. बायकोने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलताना फुलाबाईला दिसले, आणि तिलाही सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

तिसऱ्या जागी सकाळची सगळी गडीमाणसं तांब्या घेऊन येत. तेही सांगावं लागलं.

आता फुलाबाईचे दंड भरून आले होते. पहाटे म्हैस, मग भाकऱ्या, सासूचं अंघोळपाणी, कोंडिबाची पाठ शेकणं, आणि मग ही होडी. कुणीही कुठल्याही काठावरून "फुलेऽऽ" म्हणून हाक दिली की हातातलं टाकून जायचं. झोपेतसुद्धा तिला हाका ऐकू येत.

एकच जागा अशी होती, जिथे हाक पोचत नसे. डोंगराची सोंड पाण्यात उतरली होती, त्या वळणाआड. तिथे एक जांभूळ आणि त्याखाली काळा, रुंद खडक. दुपारी तापलेला. माणसं उतरवून रिकामी परतताना ती तिथे होडी लावायची आणि पान खाण्याइतका वेळ नुसती बसायची. कोंडिबालाही हे ठाऊक नव्हतं. तिथं काय करती, असं कुणी विचारलं असतं, तर सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं.

"त्या वळणापलीकडे काय आहे?" आनंदरावांनी बोट केलं.

"काय न्हाई. खडक."

"बघू या की."

साप आहेत म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायलाही अंगात दम लागतो. फुलाबाईने होडी वळवली.

आनंदराव उडी मारूनच उतरले. कमरेवर हात ठेवून त्यांनी पाणी पाहिलं, झाड पाहिलं, मागे वळून पाहिलं. एकही गाव दिसत नव्हतं.

"हीच! अगं, हीच जागा! दरवर्षी इथेच यायचं आता. आमच्या मंडळातल्या सगळ्यांना दाखवतो, पाच-सहा तंबू सहज बसतील!"

फुलाबाई होडीचा दोर हातात धरून उभी राहिली. त्यांनी बोचकं ओढत नेलं तशी ती खाली मान घालून दोराचे निघालेले धागे पिळत राहिली.

बायको स्टोव्ह घेऊनच खडकावर टेकली. टेकली ती नेमकी फुलाबाई बसायची तिथेच. जांभळाच्या मुळाशी तिचा हात गेला. तिथे एक जुनी चुंबळ होती, दाबून दाबून बसकी झालेली, आणि तिच्याखाली मिश्रीची पत्र्याची डबी. तिने डबी उचलली. फुलाबाईकडे पाहिलं. फुलाबाईने मिश्रीने काळवंडलेले दात ओठांनी झाकून घेतले आणि पाण्याकडे तोंड फिरवलं.

बायकोने डबी होती तिथे ठेवली. वर चुंबळ ठेवली. त्यावर दोन वाळकी पानं सारली.

"अहो," ती म्हणाली, "इथे नको."

"का?"

"मुंग्या आहेत. लाल."

"कुठे? मला नाही दिसत."

"मला चावली ना." तिने पोटरी खाजवली.

"तुझं प्रत्येक ठिकाणी काहीतरी असतंच," आनंदराव म्हणाले आणि वाकून मुंग्या शोधू लागले.

"लाल मुंगी वाईट," फुलाबाई म्हणाली. "तंबूत शिरली तर झोपू देत न्हाई. सायेब, शाळंच्या अंगाला माळ हाय. माणसं दिसत्याल, पन लांबून."

आनंदरावांनी सुस्कारा सोडला. बोचकं परत होडीत आलं, पातेली आली. बायको गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"तुमी बसा ताई," फुलाबाई म्हणाली. "समदी एकदम न्हाई जायाची. सामान जड हाय."

"येताना तर सगळे आलो!" आनंदराव म्हणाले.

"येताना उतार व्हता."

आनंदरावांनी पाण्याकडे पाहिलं. आरशासारखं सपाट पाणी. मग त्यांनी फुलाबाईकडे पाहिलं आणि गुमान होडीत बसले.

बायको अर्धवट उठलेली तशीच थांबली होती.

"फुलाबाई, परत यायला वेळ लागेल?"

"लई."

बायको खाली बसली. तिने स्टोव्ह मांडीवरून काढून बाजूला ठेवला, मग चपला काढल्या आणि पाय लांब केले.

होडी वळणाबाहेर आली. जांभूळ दिसेनासं झालं तसे आनंदराव मागे वळले.

"कंदिलाचं रॉकेल कुठल्या बाटलीत आहे, विचारायचं राहिलं." त्यांनी तोंडाभोवती हात धरले. "अगंऽऽ! ऐकतेस काऽऽ?"

त्यांनी पुन्हा तोंडाभोवती हात धरले.

"हितनं न्हाई ऐकू जात," फुलाबाई म्हणाली. तिने वल्हं उचलून मांडीवर आडवं घेतलं, आणि होडी आपली आपण जाईल तशी जाऊ दिली.