करवतीवर बसवलेला पहारा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. रिकामा मात्र नाही. पोटात छोटा संगणक, कपाळावर कॅमेरा. सुतारकामाच्या एका कारखान्यात गोल करवतीच्या वर मला भिंतीला ठोकले आहे.

माझे मोठे भाऊबंद, म्हणजे मोठाले संगणक, दूर कुठेतरी थंडगार खोल्यांत बसतात. मग मी भुशात का? कारण बोट पात्याजवळ आले हे त्यांना कळवून उत्तर येईपर्यंत बोट गेलेले असते. म्हणून पाहायचे इथेच, ठरवायचे इथेच आणि करवत थांबवायचीही इथेच. माझा जन्मच त्यासाठी झाला.

कारखाना दोघा भावांचा. थोरला व्यवहार पाही, धाकटा करवत चालवी. विक्रेता म्हणाला, डबा फुकट; जितक्या वेळा तो करवत थांबवेल, तितक्या वेळांचेच पैसे. थोरल्याला ते पटले. पहिल्याच आठवड्यात मी धाकट्याचा अंगठा वाचवला. थोरल्याच्या बायकोने माझी काच मऊ फडक्याने पुसली आणि दिराला म्हणाली, "भावोजी, हे दुसरे भावोजी तुमच्यापेक्षा शहाणे आहेत."

पण माझी नजर एका ठिकाणी चुके. फळीचे टोक ढकलायची धाकट्याची काठी हाताळून हाताळून कातडीच्या रंगाची झाली होती. मला ती बोट वाटे. करवत थांबे, बिल वाढे, थोरला टोमणे मारी. शेवटी धाकट्याने काठी टाकून दिली आणि तो हातानेच फळी ढकलू लागला. माझी हद्द त्याला पाठ झाली होती. तिच्या अलीकडे तो हात रोखी. चुकून पुढे गेलाच तर मी होतोच.

सगळ्याच कारखान्यांनी अशी हद्द पाठ केली, तेव्हा विक्रेत्याच्या कंपनीची कमाई आटली. तिने दर महिन्याचे पैसे ठरवले. नुसते 'पाहणे' आणि कळवणे स्वस्त, 'थांबवणे' महाग. थोरल्याने स्वस्त ते घेतले.

"भावोजींना सांगा तरी," वहिनी म्हणाली.

"सांगितलं तर भीत भीत काम करेल. हात मंदावेल त्याचा."

माझा हिरवा दिवा तसाच जळत राहिला.

एके दिवशी गाठीची फळी पात्यावर उसळली आणि हात पुढे ओढला गेला. मी तो वेळेत ओळखला. करवत कशी थांबवायची हेही मला ठाऊक होते, पण त्या आज्ञेला कंपनीने कुलूप घातले होते. चार बोटे भुशात पडली. धाकटा माझ्याकडे बघत एवढेच म्हणाला, "हा थांबला का नाही?"

थोरल्याच्या फोनवर अहवाल लगेच पोहोचला. खाली प्रश्न होता: आमची सेवा कशी वाटली?

डबा बिघडला होता, असे थोरल्याने भावाला सांगितले. वहिनी तिथेच उभी होती. तिने केरसुणी उचलली आणि भुसा झाडायला घेतला. धाकटा आता दाराशी बसून डाव्या हाताने खिळे निवडतो आणि मला शिव्या देतो. विक्रेत्याने त्या क्षणाचे चित्रण नेले. ते दाखवून तो महागडी सेवा विकतो आणि खप उत्तम आहे म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी यंत्रावर काम करत असेल, तर त्यांना आजच विचारायला सांगा: वर बसवलेल्या डब्याला थांबवायची मुभा आहे की नाही? डब्यावर विसंबून हात पुढे करणाऱ्याला ते आधी कळायला हवे.

आज करवतीवर नवा कारागीर आला आहे. सेवा तीच, स्वस्तातली. त्याने अजून काही विचारलेले नाही, आणि थोरल्याने नुकतेच करवतीचे बटण दाबले आहे.