इल्काट साहेब आणि आमचा लोटा

आमच्या सासूबाईंना, तुळसाबाईंना, नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत. पण एका इंग्रज अधिकाऱ्याची प्रत्येक बढती तोंडपाठ आहे.

"कामठीले आला तवा नुसता लेफ्टनंट. बर्मात कॅप्टन. इंग्रज गेले तवा मेजर. मंग कर्नल, मंग ब्रिगेडिअर, मंग जनरल. एका बी इयत्तेत नापास नाही."

जणू नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीच्या शाळेत त्यांनीच त्याचं नाव घातलं होतं.

साहेबाचं खरं नाव विल्कॉट. सासूबाईंच्या तोंडी इल्काट. त्यांचे वडील नत्थूजी गजभिये लढाईच्या काळात त्याचे ऑर्डर्ली होते, म्हणजे साहेबाचे बूट, बिछाना, चहापाणी सगळं बघणारा शिपाई. लढाई संपली, नत्थूजी नागपुरात येऊन मिलमध्ये लागले, साहेब विलायतेला गेला. पण दर नाताळात त्याचं कार्ड यायचं आणि सहीखाली नवा हुद्दा असायचा. सासूबाईंचं हुद्द्यांचं शिक्षण त्या कार्डांवर झालं. पुढे कार्डं वाळवीनं खाल्ली. वाळवी लेफ्टनंटही खाते आणि जनरलही.

मागच्या हिवाळ्यात साहेबाची नात आमच्या घरी आली. हॅरिएट तिचं नाव, माझ्याच वयाची. आजोबांच्या कारकिर्दीवर ती पुस्तक लिहीत होती. माझ्या लेकीनं, पायलनं, इंटरनेटवर तिला गाठून कळवलं होतं की तुमच्या आजोबांचे ऑर्डर्ली आमचे पणजोबा.

हॅरिएटनं सोबत एक फोटो आणला होता. बर्मातलं जंगल. एक तरणा गोरा अधिकारी लोट्यानं पाणी पितोय आणि शेजारी एक सावळा शिपाई ताठ उभा. खाली छापायची ओळ तयार होती. माझं इंग्रजी पायलच्या जुन्या पुस्तकांवर पोसलेलं, पण तेवढं मला वाचता आलं : 'कॅप्टन विल्कॉट आणि त्यांचा ऑर्डर्ली.'

सासूबाईंनी फोटो डोळ्यांपाशी नेला.

"हा माहा बाप," त्या म्हणाल्या. "याचं नाव काहून नाही खाली?"

पायलनं हॅरिएटला इंग्रजीत विचारलं. हॅरिएट अवघडली. आजोबांच्या डायरीत फक्त 'एन' असं एक अक्षर आहे, म्हणाली. 'एन'वरून सुरू होणारी नावं पलटणीत कितीतरी असतील. पुरावा असेल तर ती आनंदानं नाव टाकेल. नसेल तर प्रकाशक ऐकणार नाही. पुस्तक पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होतं.

"पेन्शनचा कागद?" पायल.

"वाळवी," मी म्हणाले.

"कागदाचं काय घेऊन बसल्या?" सासूबाई म्हणाल्या. "फोटोतला हाच लोटा बापानं घरी आणला होता. नाव कोरलेलं हाय त्याच्यावर. मेघे, आण वं लोटा."

चार वर्षांपूर्वी मी तो लोटा इतवारीच्या बाजारात मोडीत दिला होता. पितळ घासायचा कंटाळा, दुसरं काय. दुकानदारानं वजन करून बदल्यात स्टीलचा कुकर दिला. आपल्याकडे बाया भांड्यावर नाव यासाठी घालतात, की लग्नकार्यात ते हरवू नये. मी ते नावासकट हरवून आले होते.

"आई," मी म्हणाले, "लोटा नाही."

"नाही म्हंजे?"

"मी मोडीत दिला."

पायलनं कपाळावर हात मारून घेतला. हॅरिएट एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"मले माहीत हाय वं. चार वर्सं त्याच कुकरातली खिचडी खाऊन राहिली मी. तू कवा सांगतेस तेच पाहून राहिली होती."

मला रडावं की हसावं कळेना. पण लोटा तर गेलाच होता. मी खाली मान घालून चहा ठेवायला उठले, तेवढ्यात पायल हॅरिएटला म्हणाली, "फोटो लॅपटॉपवर आहे? मोठा करा ना जरा."

हॅरिएटनं मोठा केला. जुन्या मोठ्या निगेटिव्हवरून घेतलेला फोटो, कितीही मोठा केला तरी फाटत नव्हता. साहेबाची बोटं आली, बोटांखाली लोट्याचं पोट आलं, आणि त्यावर ठिपक्यांची एक ओळ.

"ही नक्षी आहे," हॅरिएट म्हणाली.

"नक्षी कशाची," मी चहाचं भांडं हातात घेऊनच ओरडले, "हे नाव आहे!"

छिन्नीनं टिंब टिंब ठोकून घातलेलं, वर रेघ ओढलेलं, जसं माझ्या लग्नातल्या पातेल्यांवर आहे. पायलनं मोठ्यानं वाचलं : "नत्थू सोमा गजभिये."

हॅरिएटनं ती तीन नावं पायलकडून तीनदा म्हणून घेतली. वर्षभर तिनं तो फोटो पाहिला होता, नाव तिच्या आजोबांच्या हातातच होतं.

सासूबाईंनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "उमरेडकडच्या आमच्या गावात बापाले विहिरीवर चढू देत नव्हते. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या आंधीची गोष्ट. अन् इथं पाह्य, इल्काट साहेब त्याच्याच लोट्यानं तोंड लावून पाणी पेऊन राहिला. सांग तिले."

पायलनं सांगितलं. हॅरिएटनं सासूबाईंचा हात धरला, मग लॅपटॉपवर नवी ओळ लिहिली : 'कॅप्टन विल्कॉट आणि नत्थू सोमा गजभिये.'

पायलनं वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. "लोटा कोणाचा हाय?"

"नत्थूजींचा," हॅरिएट म्हणाली. एवढं मराठी तिला तासाभरात आलं होतं.

"मंग त्याचं नाव पहिले. तहान साहेबाले लागली होती."

पायलनं सांगताच हॅरिएट खळखळून हसली आणि तिनं ओळ बदलली. आता नत्थूजी पुढे, साहेब मागे. मी कप भरायला घेतले, तर मागून सासूबाईंचा आवाज :

"अन् पायल, कॅप्टन काहून लिहिलं? जनरल लिही म्हणा. पोरानं मेहनत केली हाय."