अर्ध्या डोसचा पेपर

"एकशे अठ्ठ्याऐंशी सायटेशन," ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या. "त्यातली एकशे त्रेसष्ट एकट्या बाळांच्या पेपरची. उरलेल्या एकवीस पेपरांची मिळून पंचवीस."

"पंचवीस म्हणजे अगदीच वाईट नाही," डॉक्टर म्हणाले.

"त्यातली चौदा तुमची तुम्हीच दिलीयत."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण अशा वेळी खिडकी उपयोगी पडते.

एका डॉक्टराने आपल्या पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, दुसऱ्याच्या पेपराचा हवाला दिला की दुसऱ्याच्या नावावर एक सायटेशन चढतं. कुणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात, तसंच हे. फक्त वैद्यकीय महाविद्यालयात उचक्या मोजून बढती देतात. प्रोफेसर व्हायला दीडशे लागत. डॉक्टरांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती, मुलाखत तीन आठवड्यांवर. अकरा वर्षांत चार वेळा हुकलेली गाडी या खेपेला दारात येऊन उभी होती.

"आणि यंदा नवीन खूळ आहे," बाई म्हणाल्या. "सर्वांत गाजलेल्या पेपरच्या मूळ नोंदी जोडायच्यात."

म्हणून पेपर छापून आल्यावर सत्तावीस वर्षांनी डॉक्टर रेकॉर्डच्या खोलीत गेले.

पेपर साधा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना झटके आले, तर औषधाचा पूर्ण डोस द्यावा की अर्धा? पहिल्या वॉर्डात पूर्ण दिला, दुसऱ्यात अर्धा. दगावलेली बाळं पहिल्यात आठ, दुसऱ्यात सात. म्हणजे अर्ध्यावर भागतं. जगभरच्या डॉक्टरांना हे आवडलं. कमी औषधात भागतं असं सांगणारा माणूस कुणाला आवडत नाही?

पहिल्या वॉर्डाचं रजिस्टर चाळता चाळता त्यांचं बोट एका पानावर थांबलं. वॉर्डातल्या सिस्टरनी समासात लहान अक्षरात लिहिलं होतं : 'दुसऱ्या वॉर्डाला रंगकाम. तिथली बाळं सहा आठवडे इकडे. डोस अर्धाच चालू.'

डॉक्टर रंगकाम विसरले होते. त्यांनी पहिल्या रजिस्टरातली सगळी बाळं पूर्ण डोसची म्हणून मोजली होती. रजिस्टर मांडीवर घेऊन ते तिथल्याच स्टुलावर बसले आणि पुन्हा मोजायला लागले. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना उत्तर आधीच ठाऊक होतं. दगावलेली, पूर्ण डोसची तीन. अर्ध्या डोसची बारा.

घरी बायकोने ताट वाढलं, तरी हे बसूनच.

"काय झालं हो? बढतीत कुणी खोडा घातला का?"

"मीच घातला," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "सत्तावीस वर्षांत कुणी पाहिलं नाही ना?"

"नाही."

"मग तुम्हालाच कुठली अवदसा आठवली बघायची?"

"अर्जात मागितलंय गं."

ती हसली, मग तिचं हसणं मधेच विझलं. "आपल्याकडची बारा. आणि तुमचं वाचून ज्यांनी अर्धा दिला, त्यांच्याकडची?"

ती उठून आत गेली आणि कोरे कागद घेऊन आली. "जेवून घ्या आधी," ती म्हणाली. "उपाशीपोटी लिहाल तर उगाच रडगाणं होईल. चूक झाली, एवढंच लिहा."

विभागप्रमुख हा त्यांचाच विद्यार्थी. त्याने पत्र वाचून दार लावून घेतलं.

"सर, तीन आठवडे थांबा. मुलाखत होऊ दे, मग धाडा. सत्तावीस वर्षं थांबलंच की."

"तीन आठवड्यांत कुणी वाचलं तर?"

"सर, तो पेपर कुणी वाचत नाही. नुसता हवाला देतात."

"डोस देताना कुणीतरी वाचतच असेल ना रे?"

एकेकाळी असेच प्रश्न सर त्याला वर्गात उभं करून विचारत. तेव्हाही त्याला उत्तर येत नसे.

पत्र गेलं. नियतकालिकाने पेपर मागे घेतला आणि तसं दोन ओळींत छापलं. मुलाखत सहा मिनिटं चालली. समितीच्या अध्यक्षांनी डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि सायटेशन पंचवीसच असल्याची नोंद केली. चौदा वगळा, असं शेजारच्या सभासदाने हळूच सुचवलं. डॉक्टर असोसिएट प्रोफेसर म्हणूनच निवृत्त झाले.

मागे घेतलेल्या पेपरला मात्र हे कुणी कळवलं नसावं. वर्षभरात त्याची आणखी बावीस सायटेशन झाली. डॉक्टर दर सोमवारी ग्रंथालयात येत, बाई नवी नावं काढून देत आणि डॉक्टर तिथेच बसून प्रत्येकाला लिहीत : तो पेपर माझा. तो चुकीचा आहे. अर्धा डोस पुरत नाही.

पहिल्या अठरा पत्रांना उत्तर आलं नाही. एकोणिसाव्याचं आलं. बाईंनी त्याचा छापील कागद त्यांच्यापुढे ठेवला. दूरच्या कुठल्याशा लहान रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं : 'आमच्याकडे सहा वर्षं अर्धाच डोस चालू होता. आजपासून पूर्ण देतो आहोत. आपले फार उपकार झाले.'

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. 'सहा वर्षं' या शब्दांवर त्यांचा अंगठा बराच वेळ होता. मग त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. 'आपल्याकडे या सहा वर्षांत' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. ती ओळ त्यांनी खोडली.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"उपकार झाले म्हणतात."

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. डॉक्टरांनी तो बाजूला सरकवला आणि नवा कागद ओढला.

"पुढचं नाव सांगा," ते म्हणाले.