दोघांचं फुकट जेवण

सेनेगलमध्ये अल्मादीच्या टोकाला, अगदी समुद्रावर, काचेच्या भिंतींचं एक हॉटेल आहे. आमच्या तियारॉयच्या कोळीवाड्यातलं कुणी तिथं जेवायला जात नाही. आमचे मासे मात्र जायचे. माझा भाऊ अलासान नाव किनाऱ्याला लावायचा तेव्हा त्या हॉटेलचा माणूस आधीच येऊन उभा असायचा, आणि सगळ्यात देखणा चोफ मासा तोच उचलून न्यायचा. याय, म्हणजे आमची आई, आणि आम्ही दोघं घरी डोकी आणि शेपट्या खायचो.

मग परदेशी जहाजांनी समुद्र तळापासून खरवडून नेला. अलासान गावातल्या पोरांबरोबर नावेतून स्पेनच्या वाटेला लागला. जाताना मला म्हणाला, "सोखना, आपल्या यायला सांग, मी दुसऱ्या बंदरावर गेलोय." आईला थाप मारायचं काम माझ्या गळ्यात घालून गेला, म्हणून माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. थाप काही दिवसांत उघडी पडली, पण त्याचा फोन नाही, निरोप नाही. त्याच नावेतल्या कुणाचाच नाही. आमच्या यायला दोन घास जात नव्हते. तो जिवंत आहे, एवढ्या एका गोष्टीवर ती तग धरून होती.

त्या हॉटेलनं फेसबुकवर स्पर्धा काढली: तुम्हाला कुणासोबत जेवायचंय ते लिहा, ज्याला जास्त लाइक मिळतील त्याला दोघांचं जेवण फुकट. मी रागाच्या भरात अलासानचा फोटो टाकला आणि लिहिलं, तुमच्या ताटातला मासा ज्यानं आणला आणि जो आता बेपत्ता आहे, त्याच्यासोबत. लोक तुटून पडले. दया करायला पैसे पडत नाहीत ना!

आमच्या यायला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "एवढ्या लोकांच्या जिभा माझ्या पोरावर? आत्ताच्या आत्ता लिही, जो कौतुक करेल त्यानं कार म्हणावं."

कौतुकाची जीभ दृष्टीसारखी लागू नये म्हणून आम्ही कार म्हणतो. मी लिहिलं. मग खाली नुसतं कार, कार, कार. आणि आम्ही जिंकलो.

मला जायचं नव्हतं. याय मात्र न्हाऊन, ईदचा झगा घालून दारात तयार.

"मेलेल्याच्या नावानं कुणी जेवायला बोलावतं का गं?" ती म्हणाली. "त्याच्या नावानं अन्न चालून आलंय, म्हणजे तिकडे त्याच्याही तोंडात घास आहे. चल, उशीर करू नकोस."

मी चपला चढवल्या आणि गेले.

अट अशी होती की जेवताना लाइव्ह व्हिडिओ होणार. हॉटेलची जाहिरात करणारी मादिना नावाची मुलगी फोन घेऊन समोर उभी. हातभर नखं, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. वेटरनं दोन ताटल्या मांडल्या. यायनं त्या बाजूला सारल्या.

"हे काय? आम्ही काय एकमेकींशी भांडलोय? एक मोठं भांडं आण बाळा."

वेटर हसला आणि परात घेऊन आला. तांबडा भात, त्यावर अख्खा चोफ, कडेनं कोळंबी, कांद्याचा आंबट रस्सा. यायनं उजव्या हातानं मासा सोडवला. काटा काढून पांढरा मऊ भाग माझ्या बाजूला ढकलला. तसाच एक मोठा तुकडा समोरच्या रिकाम्या बाजूला ढकलला. कुणी घरी नसलं की त्याचा वाटा असाच राखायचा असतो. मग ती स्वतः जेवायला लागली. खरंच जेवली. बोटं चाटून जेवली. कोळंबीचं डोकं चोखून म्हणाली, "मीठ कमी आहे, पण मासा ताजा आहे हं!" मला हसू फुटलं. किती दिवसांनी आम्ही दोघी हसलो, आणि मलाही भूक लागली.

"याय, लोक बघा किती प्रेम करतायत!" मादिना म्हणाली आणि फोनची काच आमच्याकडे वळवली. लाल बदाम वर वर उडत होते.

"मला कुठं वाचता येतं? सोखना, तू वाच."

मी वाचू लागले. "कार. कार, याय. कार, तुमचा मुलगा परत येवो." प्रत्येकाला याय तोंडातला घास गिळून "आमीन" म्हणत होती.

आणि मग एक ओळ आली: अल्ला त्याच्यावर दया करो.

आमच्याकडे जिवंत माणसाबद्दल हे कुणी म्हणत नाही. मला वाटलं, चुकून लिहिलं असेल, कुणी मूर्ख असेल. पण त्याच माणसाच्या पुढच्या ओळी आल्या. मी त्याच नावेत होतो. पाणी संपलं होतं. त्याच्या डाव्या दंडावर आईनं बांधलेला ताईत होता, आत लहान शिंपला. आम्ही नमाज पढून त्याला समुद्रात सोडलं. तुमच्या आईला हसताना पाहिलं, आता लपवणं जमत नाही.

शिंपल्याचं मला, यायला आणि अलासानलाच माहीत होतं.

तोंडातला मासा गिळवेना, थुंकवेना.

"काय लिहिलंय एवढं?" यायनं विचारलं.

"कार," मी म्हणाले. "कार म्हणतायत. तो लवकर परत येईल म्हणतायत, याय. तू जेव ना."

"एवढा वेळ बघत होतीस ते एका कारसाठी?"

"इंटरनेट अडकतंय."

याय माझ्याकडे बघत राहिली. ती आयुष्यभर किनाऱ्यावर उभी राहून परतणाऱ्या नावा बघत आलेली बाई. तिथल्या बायकांनी तिला असंच खोटं सांगितलं होतं आणि तिनंही त्यांना सांगितलं होतं. तिनं हातातला घास परातीत ठेवला, हात धुतला, पदरासारखी ओढणी डोक्यावरून घेतली.

मादिनाला काही कळलं नाही. ती लाडानं म्हणाली, "याय, सगळ्या सेनेगलला सांगा, जेवण कसं होतं?"

"चांगलं होतं," याय फोनकडे बघून म्हणाली. आवाज सरळ होता. "मासा ताजा होता. देव तुमचं भलं करो. ज्यांनी माझ्या पोरासाठी कार म्हटलं त्यांना सांगते, आता म्हणू नका. माझा अलासान गेला. ज्यांना भेटायला यायचंय त्यांनी आज संध्याकाळच्या नमाजानंतर तियारॉयला या."

मादिनाच्या हातातला फोन चालूच राहिला आणि बदाम उडतच राहिले.

मी रडत होते. याय उठली, मला दंडाला धरून उभं केलं.

"ऊठ सोखना. माणसं येऊ लागतील. शेजारणीकडून चटया आणायला हव्यात."