नव्या दगडावरचं नाव

स्मृतिदिनाला गावी जायचं म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. वर्षभर ज्यांची कोणाला आठवण नसते त्या गेलेल्या पोरांसाठी त्या दिवशी चौकात खुर्च्या मांडल्या जातात, कर्णा घसा खाकरतो आणि स्मारक समितीचे अध्यक्ष डेअरीवाले काका गेल्या वर्षीचंच भाषण खिशातून काढतात. तरी मी जाते. आईला त्या दिवशी एकटं सोडवत नाही.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही भोपळ्या म्हणायचो. गणितात दरवेळी तेवढंच घेऊन यायचा. सैन्यात निघाला तेव्हाही, "कवायतीत एक-दोन तरी मोजता येईल ना रे?" म्हणून मी त्याला चिडवलं होतं. सीमेवरच्या लढाईनंतर तो सापडलाच नाही. मेला असं कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. कळवलं एवढंच, की बेपत्ता.

त्या एका शब्दावर आईने चार वर्षं काढली. "बेपत्ता म्हणजे काय गं? माणूस आहे, पत्ता नाही," ती म्हणायची. "पत्ता काय, आज ना उद्या लागतो." गेलेल्यांच्या घरच्यांमध्ये ती कधी बसली नाही. सगळ्यांच्या मागे, रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहायची.

बाबा पाथरवट. स्मारकाचा जुना दगड तडकला, म्हणून समितीने यंदा नवा त्यांच्याकडून घडवून घेतला. मी सकाळी पोचले तेव्हा दगड चौकात उभा राहून त्यावर कापडही चढलं होतं. बाबा शेडमध्ये छिन्न्या पुसत बसले होते.

"त्याचंही कोरलंय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

कोणाचं ते मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोकं फिरलं. "आईला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती."

"मग?"

"मला आता दिसत नाही नीट. पुढेमागे दुसऱ्या कोणी कोरलं असतं. माझ्या पोराचं नाव परक्याने कोरायचं?" मग आवाज खाली आला. "तू सांग ना तिला. तुझं ऐकते ती."

"तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. चौकापर्यंत आम्ही तिघं बरोबरच चालत गेलो आणि बाबा वाटभर पावसापाण्याचं बोलत राहिले. आईला गंमत वाटली. "आज काय झालंय यांना? एरवी चार शब्द विकत घ्यावे लागतात," ती मला म्हणाली. आता सांगावं असं दहादा मनात आलं. जीभ रेटली नाही.

कापड ओढलं. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना, म्हणून अर्ध्यांनीच वाजवल्या. डेअरीवाल्या काकांनी नावं वाचायला घेतली. शेवटचं नाव ऐकून मी क्षणभर गोंधळले. भोपळ्याचं शाळेतलं नाव आमच्या घरात कधी कोणी घेतलंच नव्हतं. आई मात्र गोंधळली नाही. ती खुर्च्यांमधून वाट काढत सरळ दगडापाशी गेली.

"काढा ते," ती बाबांना म्हणाली.

"अगं, सगळे बघतायत."

"बघू देत. काढा."

बाबा एरवी तापट. पण त्या वेळी ते तिला अगदी सावकाश समजावत होते. "दगडातलं खोडता येत नाही गं. तेवढंच काढलं तर खड्डा पडेल. काढायचं तर अख्ख्या दगडाचा थर उतरवावा लागतो. सगळ्यांचीच नावं जातील."

पहिल्या रांगेतल्या शिंपीणबाई उठल्या. त्यांचे दोन मुलगे त्या दगडावर आहेत. त्या पुढे आल्या आणि आपल्या दोन नावांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. मग तो कोणावर धरायचा तेच कळेना.

आई त्या हाताकडे बघत राहिली. काय समजायचं ते समजली. मग खाली वाकून तिने भोपळ्याच्या नावावरून बोट फिरवलं. बाकीच्यांना जन्माचं साल, एक रेघ आणि गेल्याची तारीख होती. याच्या रेघेपुढे दगड गुळगुळीत होता.

"इथे काय?"

"राहू दिलंय," बाबा म्हणाले. "काय घालायचं ते मला सुचेना. तू सांगशील ते घालतो."

"लढाईचीच तारीख घाला की, वहिनी," डेअरीवाले काका मध्ये पडले. "सगळ्यांना तीच आहे."

"नको," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "आजची घाला. सकाळपर्यंत होता तो."